ज खालचा ठिपका

जुलै महिना होता. दहावीनंतरच्या डिप्लोमा प्रवेशासाठी कागदपत्रं तपासत होते आणि मी रांगेत उभा होतो. माझ्या पुढे आमच्या शाळेतून नुकतीच दहावी झालेली एक मुलगी, तिच्या बाजूला तिचे अब्बू. ते रिक्षा चालवतात. त्या दिवशी रिक्षा बंद ठेवून आले होते.

टेबलामागच्या माणसाने एक एक कागद उलटला, संगणकावर पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाव जुळत नाही. आधारवर झेडने आहे, दहावीच्या प्रमाणपत्रावर जे ने."

अब्बूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, सर आलेत, आता सर समजावून सांगतील. त्यांना हे माहीत नव्हतं की तो झेडचा जे ज्या माणसाने केला, तो त्यांच्या मागेच उभा आहे.

मुलीचं नाव ज़ैनब. हा लेख लिहू का म्हणून तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा सर, पण ज खाली ठिपका द्या." दिला आहे.

आता चूक कशी झाली ते सांगतो.

मी एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो. ज़ैनब नववीत असताना मी तिचा वर्गशिक्षक होतो. मुलांची माहिती ऑनलाइन भरायची शेवटची तारीख जवळ आली होती. दिवसा सर्व्हर चालत नाही, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला सांगायची गरज नाही. म्हणून रात्री जेवण उरकून घरीच बसलो. बेचाळीस मुलं. प्रत्येकाचं नाव आधी मराठीत, मग इंग्रजीत.

मराठी टाइप करायला मी इंग्रजी अक्षरांवरून देवनागरी करणारं सॉफ्टवेअर वापरतो. आपल्यातले बहुतेक जण तेच वापरतात. त्यात ज़ैनब लिहायला मी झेडने सुरुवात केली तर पडद्यावर उमटलं "झैनब". ते पुसलं. मग जे ने टाइप केलं, "जैनब" आलं. मराठी रकान्यासाठी ते ठीक होतं, शाळेच्या मराठी कागदांवर तसंच लिहितात. मग कर्सर इंग्रजी रकान्यात गेला. पण बोटं अजून मराठीतच होती. त्यांनी परत जे दाबला. मी पुढच्या मुलाकडे वळलो. तीस सेकंदांचं काम.

पुढे दहावीच्या फॉर्ममध्ये तेच नाव गेलं. बोर्डाची प्री-लिस्ट आली, ती पालकांना दाखवून सह्या घ्यायच्या असतात. अब्बूंना उर्दू वाचता येतं, इंग्रजी नाही. त्यांनी कागद हातात घेतला, वर-खाली पाहिला आणि सही करताना म्हणाले, "सर ने लिखा है तो बराबरच होगा."

हे वाक्य मला त्या रांगेत उभं असताना आठवलं. नंतरही बरेच दिवस आठवत राहिलं.

लोक म्हणतात, एका अक्षराने काय होतं. मी अक्षरांचाच मास्तर आहे, म्हणून या एका अक्षराकडे जरा नीट पाहू.

उर्दूत ज़ हा एकच उच्चार चार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोए. अरबीत या चौघांचे उच्चार वेगळे आहेत. उर्दू बोलताना चारही एकच. पण लिहिताना चुकलात तर मास्तर गुण कापणार. लज़्ज़तमध्ये ज़ाल, ज़मीनमध्ये ज़े, हाज़िरमध्ये ज़्वाद, नज़रमध्ये ज़ोए. पाचवीतली मुलं मला दर वर्षी विचारतात, "सर, आवाज एक तर अक्षरं चार कशाला?" मी सांगतो, शब्द कुठून आला त्याचा तो पत्ता आहे.

मराठीत नेमकं उलट आहे. अक्षर एक, उच्चार दोन. जन्मातला ज वेगळा आणि जगातला ज वेगळा. चहातला च वेगळा, चमच्यातला वेगळा. लिहिताना काही फरक नाही. मराठी घरातलं मूल ते ऐकून शिकतं. आमच्या मुलांना ते शिकवावं लागतं, आणि शिकवताना मला एक गंमत सापडली. फारसी-अरबीतून मराठीत आलेले शब्द घ्या. जमीन, बाजार, हजार, नजर, हजर, जास्त. यातला ज बहुतेक वेळा दातांजवळचा, जगातला ज आहे. म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी मराठी माणसाने उर्दू-फारसीचा ज़ ऐकला आणि आपल्या तोंडात त्याच्या सर्वांत जवळचा जो आवाज होता, त्या घरात त्याला नेऊन बसवलं. त्याला वेगळं अक्षर दिलं नाही. गरजच नव्हती. शेजारी राहणाऱ्याला ओळखपत्र कोण मागतं?

अडचण तिथून पुढे सुरू होते. ज़ैनब हे नाव मराठीत "जैनब" लिहिलं की वाचणाऱ्यासमोर दोन ज असतात. कोणी जगातला ज वाचेल, कोणी जैन या शब्दातला. हाच कागद हातात घेऊन कोणी इंग्रजी नाव लिहायला बसला तर ज म्हणजे जे. आणि मूळ इंग्रजी झेडवरून कोणी मराठी नाव लिहायला बसला तर झेड म्हणजे झ. आपल्याकडे झोया, झाकीर, झुबेर असे झ वाले लोक आहेत ते याच रस्त्याने आलेत. माझ्या एका वर्गात एकाच वेळी ज़ुबैर, जुबेर आणि झुबेर असे तिघं होते. तिघांच्या आयांनी नाव एकच ठेवलं होतं.

तोंडातून तोंडात जाताना नाव फारसं बिघडत नाही. कागदावरून कागदावर जाताना बिघडतं. आणि यंत्राला तोंड नसतं. त्याच्या दृष्टीने जे हा एक आकडा आहे आणि झेड हा दुसरा आकडा. दोन आकडे समान नाहीत, विषय संपला.

संगणकात ज़ हे अक्षर नाही, असंही नाही. जगभरातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देणारं युनिकोड 1991 साली आलं. त्यात देवनागरीला 128 घरं मिळाली. ठिपकावाल्या ज़ला त्यात स्वतःचं घर आहे. पण मराठीच्या शुद्धलेखनात नुक्ता नाही, म्हणून मराठी कीबोर्डवर तो शोधावा लागतो. शोधायला वेळ कोणाला असतो? बेचाळीस मुलं आणि रात्रीचे साडेअकरा.

हे सगळं आपल्यालाच भोगावं लागतं असं मला वाटायचं. मग वाचायला लागलो तेव्हा कळलं की मोठ्या मोठ्या लोकांचीही यातून सुटका नाही.

एक्सेल तुम्हाला माहीत आहे. त्यात तारखेसारखं काही दिसलं की ते विचारत नाही, सरळ तारीख करून टाकतं. माणसाच्या शरीरातल्या जनुकांना शास्त्रज्ञांनी छोटी नावं दिलेली आहेत. त्यातल्या एकाचं नाव होतं मार्च-1, दुसऱ्याचं सेप्ट-1. एक्सेलमध्ये ही नावं टाकली की मार्च महिन्याची एक तारीख आणि सप्टेंबरची एक तारीख तयार. 2016 साली काही संशोधकांनी तपासलं, तर एक्सेलमध्ये जनुकांची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. मग काय केलं? 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने जनुकांचीच नावं बदलली. मार्च-1 झाला मार्चएफ-1, सेप्ट-1 झाला सेप्टिन-1. एक्सेलला ही सवय बंद करायची सोय द्यायला 2023 उजाडलं. म्हणजे आधी नावाने माघार घेतली, यंत्राने नंतर.

अमेरिकेत एक पत्रकार आहेत, त्यांचं आडनाव नल. आपल्याकडे नल म्हटलं की दमयंती आठवते. संगणकाच्या भाषेत नल म्हणजे रिकामं, काहीच नाही. त्यामुळे त्यांनी फॉर्ममध्ये आडनाव लिहिलं की काही ठिकाणी संगणक म्हणतो, आडनाव लिहा. त्यांनी यावर लेखच लिहिला आहे. मी तो वाचून हसलो, आणि मग आमच्या अम्मीची आठवण झाली. तिचं नाव हमीदाबी. आमच्याकडच्या जुन्या बायकांच्या नावाला बी असतंच. रेशन कार्डावर ती हमीदाबी आहे, बँकेत हमीदा बी, म्हणजे बी हे तिचं आडनाव, आणि आणखी एका कागदावर हमीदा बी. शेख, म्हणजे आता बी हे तिच्या नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. अब्बांचं नाव ब वरून सुरू होत नाही. अम्मीला हे समजावून सांगायला गेलो तर ती म्हणाली, "मेरा दिमाग हँग मत कर."

ही आमची नवी भाषा. स्टाफ रूममध्ये कोणी उत्तर देईना की आम्ही म्हणतो, आज सरांचा सर्व्हर डाऊन आहे. मुलं एकमेकांना सांगतात, वो बात डिलीट मार. यंत्राचे शब्द आम्ही इतक्या सहज उचलले, त्यांना मराठी-उर्दूची क्रियापदं जोडून घरचं करून टाकलं. यंत्राने मात्र आमचे शब्द उचलताना असा मोठेपणा दाखवला नाही.

माझे मामू कातिब होते. आताच्या मुलांना हा शब्द सांगावा लागतो. उर्दू छपाईत कितीतरी वर्षं अक्षरांचे खिळे जुळवण्याऐवजी माणूस हाताने अख्खं पान लिहायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. त्या लिहिणाऱ्या माणसाला कातिब म्हणत. मामू मुंबईच्या एका उर्दू वर्तमानपत्रात होते. मांडीवर पाटी, तिच्यावर कागद, हातात बोरू. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा त्यांच्या शेजारी बसून मी बोरूचा आवाज ऐकायचो.

उर्दूची लिपी नस्तालीक. तिच्यात शब्द सरळ रेषेत बसत नाही, उजवीकडे वर सुरू होतो आणि उतरत उतरत डावीकडे येतो. एकच अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून रूप बदलतं. ही उतरण यंत्राला जमायची नाही असंच सगळे समजून होते. मग पाकिस्तानात मिर्ज़ा अहमद जमील नावाच्या गृहस्थांनी मोनोटाइप कंपनीबरोबर काम करून सुमारे वीस हजार जोडअक्षरं हाताने लिहून काढली आणि ती यंत्रात घातली. 1981 साली नूरी नस्तालीक तयार झालं, आणि 'जंग' या वर्तमानपत्राने ते वापरायला घेतलं. पुढे 1994 मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने इनपेज हे सॉफ्टवेअर आणलं आणि साध्या संगणकावर नस्तालीक आलं. वर्षा-दोन वर्षांत मामूंच्या ऑफिसातल्या पाट्या कोपऱ्यात गेल्या. मामू घरी आले. नंतर ते लग्नपत्रिका आणि दुकानांचे बोर्ड लिहायचे.

मी त्यांना एकदा विचारलं, राग येत नाही का? ते म्हणाले, "राग कशाचा? तो संगणक जे लिहितो, ते एका कातिबाच्याच हातचं आहे."

त्यांना राग आला तो वेगळ्याच वेळी. माझा पहिला स्मार्टफोन मी कौतुकाने त्यांना दाखवला. त्यात उर्दू दिसायचं, पण अरबीच्या नस्ख वळणात, सगळी अक्षरं एका रेषेत ताठ उभी. मामूंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "ये उर्दू नहीं, उर्दू का एक्स-रे है."

तेव्हा जगभरात कितीतरी लोक उर्दू फोनवर रोमन अक्षरांत लिहायला लागले होते. माझे विद्यार्थी अजूनही लिहितात. पण काही लोक हटून बसले. त्यांनी लेख लिहिले, कंपन्यांना पत्रं लिहिली, स्वतः फॉन्ट बनवले. 2012 च्या विंडोजमध्ये नस्तालीक फॉन्ट आला, 2014 मध्ये गूगलने काढला, 2017 मध्ये आयफोनवर आला. मामू 2015 मध्ये गेले. त्यांच्या आधी मी गूगलचा फॉन्ट टाकून एक ओळ दाखवू शकलो. त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली. "काफचा डोक्यावरचा फटका जरा छोटा आहे," एवढंच म्हणाले. माझ्या दृष्टीने ते प्रशस्तिपत्र होतं.

नस्तालीक आलं तरी खोड्या संपत नाहीत. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, आकडे डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आले की फोन आपल्या अकलेने जागा ठरवतो. एका वर्षी पालकसभेचा निरोप मी उर्दूत पाठवला, तारीख 8-7 अशी लिहिली. उर्दू शब्दांच्या पाठोपाठ आल्यामुळे ती पडद्यावर 7-8 दिसत होती. आठ जुलैला अर्धे पालक आले. उरलेल्यांपैकी चार जण सात ऑगस्टला अगदी वेळेवर हजर झाले. तेव्हापासून मी महिन्याचं नाव अक्षरांत लिहितो.

मराठीचं दुःख याहून कमी नाही. बी.एड. करताना मी पाठ-टाचणं संगणकावर टाइप करून घेतली होती. सीडी घेऊन कॉलेजात गेलो, तिथल्या संगणकावर फाइल उघडली तर माझं मराठी गायब. त्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. तेव्हाचे बरेच फॉन्ट असे होते की आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, वर मराठीचा मुखवटा. दुसऱ्या संगणकावर तो मुखवटा नसला की खरा चेहरा दिसायचा. युनिकोड रुळल्यावर हा त्रास गेला. पण युनिकोडमध्येही बॅटमधल्या ॲ साठी मराठीला सुटं अक्षर मिळायला 2008 उजाडलं. तोपर्यंत लोक हिंदीवाला ए वर चंद्र काढून काम भागवत होते. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. राज्य सरकारने 2009 मध्ये वर्णमालेचा शासन निर्णय काढून ते वळण ठरवून दिलं. तरी मुलं फोनवर जे ल आणि श पाहतात ते बहुतेक वेळा हिंदीचेच असतात, कारण दोन्हींचा क्रमांक एकच आहे आणि चेहरा फॉन्ट ठरवतो.

आणि ऱ. आठवीच्या एका मुलाने सह्याद्रीवर निबंध फोनवर लिहून पाठवला. त्यात होतं, "सह्याद्रीत खोल खोल दर्या आहेत." मी त्याला बोलावून सांगितलं, बेटा, दर्या म्हणजे समुद्र. तो फारसीतून मराठीत आला आणि इथल्या कोळ्यांचा झाला. तुला हव्यात त्या दऱ्या. त्याने फोन पुढे केला. "सर, मैंने तो कब से कोशिश की, ये दूसरा वाला र आताच नहीं." मीही दहा मिनिटं झगडलो तेव्हा कुठे आला. त्याचे गुण कापले नाहीत.

आता परत रांगेत येऊ.

टेबलामागचा माणूस वाईट नव्हता. त्याने अब्बूंना मार्गही सांगितला, "सोपं आहे. आधारवर जे करून घ्या. दोन्हीकडे जे झालं की जुळलं." खरोखरच सोपं होतं. बोर्डाच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती म्हणजे शाळेचा प्रस्ताव, वरच्या कार्यालयाची मंजुरी, चलन, खेटे. बाहेर एका झेरॉक्सवाल्याने दुसरा उपाय सांगितला, गॅझेट करा, आठशे-हजारात काम होईल. म्हणजे राजपत्रात जाहीर करायचं की माझं नाव मी आजपासून बदलत आहे.

अब्बू तयार होते. गरीब माणूस भांडणापेक्षा खर्च परवडतो का ते आधी पाहतो. 2019-20 च्या त्या हिवाळ्यात आमच्या गावात लोक पहाटेपासून जन्मदाखल्यासाठी रांगा लावत होते, ते त्यांनी पाहिलेलं आहे. आसाममध्ये याद्यांतून एकोणीस लाख माणसं बाहेर राहिल्याची बातमी तेव्हा ताजी होती, आणि स्पेलिंगचा फरक ही आमच्या मोहल्ल्यात चेष्टेची गोष्ट राहिली नव्हती. "सर, जे तर जे. सगळे कागद सारखे झाले पाहिजेत," ते म्हणाले.

ज़ैनब तोपर्यंत गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अब्बू, वो नानी का नाम है. जे से नानी का नाम नहीं होता."

मला कोणी थप्पड मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी अब्बूंना बाजूला नेलं आणि सांगितलं, की ही चूक बोर्डाची नाही, संगणकाची नाही, माझी आहे. ती रात्र, तो रकाना, सगळं सांगितलं. ते थोडा वेळ रिक्षा स्टँडकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "होता है सर." मला वाटतं, ते रागावले असते तर माझं ओझं थोडं उतरलं असतं.

त्या दिवशी हमीपत्र लिहून देऊन तात्पुरती नोंद झाली. ठरलेल्या मुदतीत दुरुस्त प्रमाणपत्र आणायचं, नाहीतर प्रवेश रद्द. दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि वर्गशिक्षक म्हणून लेखी दिलं की नोंद करताना माझ्याकडून चूक झाली. आमचे भाऊसाहेब म्हणाले, "सर, स्वतःचं नाव कशाला घालता? 'तांत्रिक कारणाने' असं लिहा, सगळे तसंच लिहितात." मोह झाला. तांत्रिक कारण हा फार सोयीचा शब्द आहे. त्यात माणूस दिसत नाही. पण तसं लिहिलं असतं तर शाळेचं मूळ रजिस्टर पाहायला कोणी सांगितलं नसतं.

आणि मूळ रजिस्टरनेच काम केलं. तिच्या प्राथमिक शाळेत जाऊन ते काढलं. पहिलीच्या नोंदीत कोणा बाजींनी उर्दूत नाव लिहिलेलं होतं. ज़े, ये, नून, बे. ज़ेवरचा ठिपका असा टपोरा की दुरून दिसावा. शेजारी इंग्रजीतही, झेडने. त्या पानाची साक्षांकित प्रत प्रस्तावाला जोडली. पाच महिने लागले. तीन वेळा मी गेलो, दोन वेळा अब्बू. मुदत दोनदा वाढवून घ्यावी लागली. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता त्या गोंधळात गेला तो गेलाच. डिसेंबरात नवं प्रमाणपत्र आलं. झेडने.

त्या पाच महिन्यांत मी एक गोष्ट वर्गात पुष्कळदा सांगितली. नवव्या शतकात बगदादमध्ये एक मोठे गणिती होते, मुहम्मद इब्न मूसा अल-ख़्वारिज़्मी. हिंदुस्तानी अंकांनी हिशेब कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. बाराव्या शतकात ते लॅटिनमध्ये गेलं. लॅटिन लिहिणाऱ्यांना ख़्वारिज़्मी जमेना, त्यांनी अल्गोरित्मी लिहिलं. माणसाचं नाव पुढे हिशेबाच्या रीतीचं नाव झालं आणि फिरत फिरत अल्गोरिदम बनलं. ज्याच्यावर आज सगळे संगणक चालतात तो शब्दच मुळी एका मुसलमान माणसाच्या नावाचं चुकलेलं स्पेलिंग आहे. आणि नीट पाहिलंत तर त्यात हरवलं काय? ज़े.

पोरं खूश होतात ही गोष्ट ऐकून. मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "सर, उन्होंने गॅझेट नहीं किया?"

आता मी दर जूनमध्ये एक काम करतो. नवा वर्ग आला की कोऱ्या वहीत तीन रकाने आखतो. उर्दू, मराठी, इंग्रजी. मूल स्वतःच्या हाताने तिन्हींत नाव लिहितं, वही घरी नेतं, घरात जे वाचू शकतं त्याला दाखवतं. मग मी एकेकाला उभं करून नाव मोठ्याने वाचतो आणि विचारतो, असंच म्हणतात का घरी? यात दोन तास जातात. अभ्यासक्रमात त्याला जागा नाही. ऑनलाइन माहिती त्या वहीवरून भरतो, दिवसा, आणि शेजारी एक मूल बसवतो वाचायला.

या वर्षी एक नवा मुलगा आलाय, ज़ुल्फ़िकार. नाव ज़ाल ने. इंग्रजी रकान्यात त्याने झेड लिहिला, मराठीत ज लिहिला, आणि पेन तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, दे ठिपका. मराठीत चालत नाही, पण वही आपली आहे.